दोन पेरण्या चुकलेलं साल : १९४८, बीड जिल्हा आणि मदतीचा प्रश्न



आजच्या विषयाची सुरुवात आपल्या घरातल्याच एका सवयीपासून करूया. आपल्या जिल्ह्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला वय विचारलं, तर तो साल सांगत नाही. कुणी म्हणतं, रझाकारीत मी रांगत होतो. कुणी म्हणतं, ॲक्शनच्या साली मला शाळेत घालायचं होतं, ते राहूनच गेलं. हिशेब केला तर दोघंही साधारण एकाच वर्षाबद्दल, १९४८ बद्दल बोलत असतात. एकाच वर्षाला एका घरात एक नाव आहे, शेजारच्या घरात दुसरं. ज्या घरात ‘रझाकारी’ हा शब्द आहे तिथे भीती सप्टेंबरच्या आधीची आहे. ज्या घरात ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द आहे तिथे ती सप्टेंबरच्या नंतरची आहे.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, हुतात्म्यांना अभिवादन करतो. ते केलंच पाहिजे. पण आज आम्ही लढ्याचा इतिहास सांगायला उभे नाही. तो आपल्याला बराचसा पाठ आहे. आज प्रश्न वेगळा आहे. या वर्षभरात ज्यांच्या हातात बंदूक नव्हती, त्यांचं काय झालं? त्यांना काय हवं होतं? आणि ते कुणी दिलं? आज जगात कुठेही युद्ध पेटलं की बातम्यांमध्ये नागरिकांच्या मदतीची चर्चा होते. औषधं पोचली का, धान्याचे ट्रक सोडले का, छावणीत पाणी आहे का. तेच प्रश्न आपण आपल्या जिल्ह्याला कधी विचारले नाहीत. ते आज विचारूया.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. हैदराबाद संस्थान म्हणजे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १९४१ च्या शिरगणतीनुसार दीड कोटीहून जास्त लोक. त्यात मराठी भाषिक जिल्हे पाच : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. आपण आज ज्या गावात बसलो आहोत त्या अंबाजोगाईचं तेव्हाचं सरकारी नाव मोमिनाबाद. बीडच्या पश्चिमेला नगर जिल्हा, म्हणजे मुंबई प्रांत, म्हणजे इंग्रजी हद्द. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला जामखेड, पाथर्डी म्हणजे शेजार. बाजार तिकडे, सोयरीक तिकडे. मध्ये फक्त निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीची चौकी. एरवी ही हद्द मिठाच्या आणि कापडाच्या पोत्यांपुरतीच होती. १९४७ नंतर ती जीव वाचवण्याची हद्द झाली.

१५ ऑगस्ट १९४७ ला निजाम भारतात सामील झाला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला. कागदावर वर्षभराची शांतता होती. पण गावांमध्ये कासिम रझवीच्या रझाकार संघटनेचा जोर वाढत गेला. रझवी हा आपल्या शेजारच्या लातूरचा वकील. लूट, जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोर्टा गावात मोठं हत्याकांड झालं. आणि रझाकारांना विरोध करणारा मुसलमान असला तरी त्याची गय नव्हती. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी आपल्या पत्रातून रझाकारांवर टीका केली, भारतात विलीन होण्याची बाजू मांडली. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यात ते गेले. हा माणूस आपण लक्षात ठेवला पाहिजे, कारण त्याच्यामुळे सरळसोट दोन बाजू करण्याची आपली सवय अडते.

या काळात माणसं हद्दीपलीकडे गेली. बार्शी, सोलापूर, नगरकडचा पट्टा, तिकडे विदर्भात उमरखेड. स्टेट काँग्रेसची सरहद्दीवरची केंद्रं आपल्याला माहीत आहेत, त्यांना आपण ‘कॅम्प’ म्हणतो. त्या कॅम्पांचा सशस्त्र प्रतिकार इतिहासात आला, ते योग्यच झालं. पण हद्द ओलांडणारा प्रत्येक माणूस लढायला गेलेला नव्हता. लेकुरवाळ्या बायका होत्या, म्हातारी होती. त्यांचा मुक्काम बहुतेक सोयऱ्यांच्या पडवीत, धर्मशाळेत, देवळात. मदत म्हणजे काय, तर मामाच्या घरची भाकरी. ती किती दिवस खायची? मामाचंही घर काही मोठं नव्हतं.

आता इथे शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघूया. ज्या कुटुंबाने मृगाच्या आधी गाव सोडलं, त्याची खरिपाची पेरणी गेली. रान पडीक, बैल विकलेले नाहीतर लुटलेले. त्याच्या आधीच निजाम सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, चालू होती. लेव्ही देऊ नका हा स्टेट काँग्रेसच्या आंदोलनाचा एक कार्यक्रमच होता. म्हणजे कणगीत शिल्लक अशी फार नव्हतीच. त्यात १९४८ च्या उन्हाळ्यापासून संस्थानाची नाकेबंदी. हैदराबाद सरकारची तक्रार अशी होती की मीठ, औषधं, पाणी शुद्ध करायचं क्लोरिन यांची सुद्धा अडवणूक होते. भारत सरकारचं म्हणणं वेगळं होतं. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. नाकेबंदी राजावर केलेली असते, आणि मीठ कमी पडतं ते रयतेच्या कालवणात. आजच्या युद्धांमध्येही हेच होतं.

मग १३ सप्टेंबर १९४८ उजाडला. चारही बाजूंनी भारतीय फौज शिरली. लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’, लोकांसाठी नाव ‘पोलीस ॲक्शन’. सोलापूरकडून मुख्य फौज नळदुर्ग, उमरगा करत पुढे गेली. मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेने औरंगाबाद घेतलं. जालन्याला एक तुकडी ठेवून बाकीची फौज लातूरला आणि तिथून इथे, मोमिनाबादला आली. इथे गोवळकोंडा लान्सर्सचं घोडदळ होतं. त्यांनी नावापुरता प्रतिकार केला आणि शरण आले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ ला जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. स्वामी रामानंद तीर्थ, जे याच गावातल्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते, ते कारवाई सुरू झाली तेव्हा तुरुंगात होते. लोक रस्त्यावर आले, पेढे वाटले गेले. तो आनंद खरा होता. ज्यांनी वर्षभर जीव मुठीत धरून काढलं त्यांना तो हक्काचा होता.

पण फौज मोठ्या रस्त्याने पुढे जाते. मागे राहिलेल्या गावांत त्या आठवड्यांमध्ये कुणाचं राज्य होतं? जुने अंमलदार पळालेले, नवे आलेले नाहीत. या पोकळीत सूड उगवला गेला. आणि सूड रझाकारांपुरता राहिला नाही. पिंजारी, बागवान, तांबोळी, आतार, मोमीन, ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता, तेही सापडले. घरं लुटली, माणसं मारली, बायका पळवल्या, विहिरींत उड्या पडल्या.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या सद्भावना मंडळाचा अहवाल आहे. पंडित सुंदरलाल, म्हणजे ‘भारत में अंग्रेजी राज’चे लेखक, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्यातले सदस्य. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानात फिरले. १६ पैकी ९ जिल्हे, ७ जिल्ह्यांची ठिकाणं, २१ शहरं, २३ महत्त्वाची खेडी. ज्या गावी जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या ५०० हून अधिक माणसांशी ते बोलले. त्यांचा अंदाज असा की कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. त्याखालोखाल चार जिल्हे आहेत : औरंगाबाद, नळगोंडा, मेदक आणि आपला बीड. या चारांत मिळून किमान पाच हजार.

या आकड्यांवर वाद आहे, हे सांगितलं पाहिजे. सरदार पटेलांनी हा अहवाल मान्य केला नाही. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांचं वजन त्यात नीट धरलेलं नाही असा आक्षेप होता. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, आणि कित्येक दशकं तो लोकांपुढे आला नाही. पण आकडा निम्मा धरा, पाव धरा, तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. मंडळाच्या सदस्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपण चौकशी आयोग नाही, सलोखा वाढवायला आलो आहोत. पण जे दिसलं ते कळवणं आपलं कर्तव्य आहे.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. ठिकठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. एकच धंदा करणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसलं. हिंदू कोष्ट्यांनी मुसलमान विणकरांसाठी हल्लेखोरांना अडवलं, त्यात स्वतःचे जीव सुद्धा घालवले. पळवलेल्या बायकांना परत आणायला हिंदूंनी मदत केली. त्या दिवसांत सरकार नव्हतं, संस्था नव्हती, तेव्हा जी मदत झाली ती मागाच्या खड्ड्याशेजारी बसणाऱ्या माणसाने केली.

आता पुन्हा शेताकडे या. कारवाई झाली ती भाद्रपदात. आपला जिल्हा रब्बी ज्वारीचा. उत्तरा-हस्तात पेरलं तर वर्षाची भाकरी आणि गुरांचा कडबा. सप्टेंबरअखेर जो माणूस जीव घेऊन हैदराबादेकडे किंवा औरंगाबादेकडे पळाला, त्याची रब्बी गेली. ज्या घरातला कर्ता मारला गेला त्या घरी पाभर धरणारा हात राहिला नाही. विणकराचा माग मोडला, पिंजाऱ्याची कमान गेली, बागवानाचा मळा दुसऱ्याने धरला.

बघा, एकाच वर्षात, एकाच शिवारात, मृगाची पेरणी एकाची चुकली आणि हस्ताची दुसऱ्याची. उपास दोघांच्याही घरी. या दोन घरांना काय हवं होतं त्याची यादी केली तर ती जवळजवळ सारखीच निघते. गावी परतताना जिवाची हमी. घर आणि जमीन परत. बी-बियाणं आणि बैलजोडी. पुढचं पीक हाती येईपर्यंत धान्य. पळवलेल्या माणसांचा शोध. विधवांना आणि पोरक्या लेकरांना आधार. यातली एकही मागणी धर्म विचारून बदलत नाही.

मग ही मदत द्यायला कुणाकडे अनुभवच नव्हता का? तसं नाही. त्याच काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, तिथे राहिली. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले होते. तिथे पुढे ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगरची पायाभरणी झाली. केंद्रात पुनर्वसनाचं खातं होतं. म्हणजे छावणी कशी चालवायची, शिधा कसा वाटायचा, हे महाराष्ट्राला माहीत होतं.

अडचण व्याख्येची होती. फाळणीच्या कायद्यांत निर्वासित म्हणजे जो पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातून आला तो. आष्टीहून जामखेडला गेलेला माणूस त्यात बसत नव्हता. लातूरहून हैदराबादला गेलेलाही बसत नव्हता. तो आपल्याच मुलखात परागंदा झाला होता. आणि जे घडलं त्याला युद्ध म्हणायचं नाही असं ठरलेलं. हैदराबादने प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेला होता. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तो चर्चेला आला तोवर इथे लढाई संपत आली होती. भारताची भूमिका ही की हा घरचा प्रश्न आहे, पोलिसी कारवाई आहे. राजकीयदृष्ट्या ती भूमिका समजण्यासारखी आहे. पण तिचा एक परिणाम कुणी लक्षात घेतला नाही. युद्ध नाही म्हटलं की युद्धपीडितही उरत नाहीत. मग त्यांच्यासाठी छावणी कशाला, यादी कशाला, भरपाई कशाला?

पुढे लष्करी गव्हर्नर म्हणून चौधुरींचा कारभार १९४९ च्या अखेरीपर्यंत चालला. कायदा-सुव्यवस्था आली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. ती मोठी सुधारणा, कुळांना दिलासा. पण जहागीरदाराच्या पदरचा शिपाई, नाक्यावरचा जवान, बरखास्त फौजेतला स्वार, यांची रोजीरोटी एकदम तुटली. ज्या घरांनी आधीच माणसं गमावली होती तिथे ही दुसरी कुऱ्हाड.

याच सुमाराला जिनिव्हात एक मोठी गोष्ट घडत होती. १२ ऑगस्ट १९४९ ला चार जिनिव्हा करार झाले. चौथा करार पहिल्यांदाच खास नागरिकांच्या संरक्षणासाठी होता. आणि चारही करारांत एक तिसरं कलम समान आहे. ते म्हणतं, लढाई दोन देशांमधली नसली, देशाच्या आतली असली, तरी हत्यार खाली ठेवलेल्याला आणि हत्यार न उचललेल्याला माणसासारखं वागवा. वंश, धर्म, जन्म यावरून भेद करू नका. रेडक्रॉससारखी निःपक्ष संस्था मदत देऊ करू शकते. आपल्याकडच्या घटनांनंतर अकराच महिन्यांनी हे झालं. भारताने हे करार १९५० मध्ये मान्य केले. आणि घर सोडून देशातच परागंदा झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आली १९९८ मध्ये. तोवर आपल्या जिल्ह्यातल्या त्या घटनेला पन्नास वर्षं झाली होती.

ज्या रेडक्रॉसचं नाव या कलमात आहे, त्याची मुळं १८५९ च्या एका लढाईत आहेत. इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली, आणि जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी दोन्ही सैन्यांच्या जखमींची शुश्रूषा केली. आन्री द्युनां याने ते पाहिलं आणि त्यातून पुढे ही चळवळ उभी राहिली. म्हणजे कायदा नंतर आला, गावातल्या बायका आधी. आपल्याकडचे कोष्टीही याच रांगेत बसतात. फरक एवढाच की त्यांच्यामागून कुणी द्युनां आला नाही.

आता एक शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. दोन्ही दुःखं अशी शेजारी ठेवली तर जुलूम करणारा आणि जुलमाविरुद्ध लढणारा सारखेच होतात की काय? नाही होत. रझाकारांनी केलं त्याचा दोष रझाकारांचा. मुक्तिलढ्याचं मोल त्याने तसूभर कमी होत नाही. पण गुन्ह्याचा हिशेब आणि गरजेचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिलीत कुणी केलं ते लिहायचं, आणि ज्याने केलं त्याच्याच नावावर. दुसरीत कोण उपाशी आहे ते लिहायचं. घोटाळा होतो तो या दोन वह्या एकत्र बांधल्या की. मग पिंजाऱ्याच्या विधवेच्या नावावर रझवीचा गुन्हा चढतो आणि तिचा शिधा बंद होतो. उलटही होतं. सप्टेंबरनंतरच्या कत्तलीचा दाखला देऊन सप्टेंबरआधी गाव सोडलेल्या बाईचं दुःख किरकोळ ठरवलं जातं. हेही तितकंच चुकीचं.

स्वामीजींच्या नावाचं मोठं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आपल्या याच गावात आहे. तिथे अपघात विभागात पेशंट आला की डॉक्टर आधी नाडी बघतात, नाव मागाहून लिहितात. पोलीस केस असेल तर पोलीस येतील, जबाब घेतील, तो त्यांचा भाग. पण त्यासाठी सलाईन थांबत नाही. युद्धातली मदत म्हणजे यापेक्षा वेगळं काही नाही.

शेवटी एक काम सांगून आम्ही थांबतो. ज्यांनी हे सगळं लेकराच्या डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आता थोडी उरली आहेत. आपल्यात शिक्षक आहेत, कॉलेजची मुलं-मुली आहेत. आपापल्या गावात जा, दोन्ही आळ्यांमध्ये जा, आणि तीनच प्रश्न विचारा. तुमची त्या साली कोणती पेरणी चुकली? तुम्हाला भाकर कुणी दिली? आणि परत आल्यावर तुमचं तुम्हाला काय मिळालं, काय नाही? दोष कुणाचा हे विचारू नका, ते लोक आपणहून सांगतील. गावाचं नाव, आळीचं नाव, नक्षत्र, एवढं लिहून ठेवा. मोबाईलवर आवाज घ्या, पण आधी परवानगी घ्या. बाईमाणसाशी बाईनेच बोलावं, आणि ती गप्प राहिली तर तेही लिहून ठेवावं. एका गावाची एक वही झाली तरी पुरे. रझाकारीवाल्या घराची पानं आणि ॲक्शनवाल्या घराची पानं त्या एकाच वहीत असू द्या.